साइटवरचे फोटो हलके करायचेत? आधी ट्रान्सपरंट लागतंय का ते बघा

मावसभावाचं यावलला केळी वेफर्सचं काम आहे, त्याची साइट मीच बनवून दिली आणि पहिल्याच दिवशी त्याचा फोन, "भो, पान उघडेपर्यंत मी चहा पिऊन आलो." चूक माझीच. मोबाइलवर काढलेले पाकिटांचे ४००० बाय ३००० चे फोटो मी पीएनजी करून टाकले होते, का तर म्हणे क्वालिटी चांगली राहते, एकेक फाइल १५-१६ एमबीची. तर हे डोक्यातून आधी काढा. जेपीजीचं पीएनजी केल्याने गेलेली क्वालिटी परत येत नाही, नुसतं वजन वाढतं.

पीएनजी लागतं ते जेपीजीला ट्रान्सपरन्सी नाही म्हणून. मग बघायचं एवढंच, की या चित्राच्या मागचं खरंच दिसायला पाहिजे का? पांढऱ्या पानावर पांढऱ्याच बॅकग्राउंडचं पाकीट असेल तर जेपीजी करा ना, कोणाला कळणारे. पिवळ्या हेडरवर लोगोमागे पांढरा डबा दिसतोय, तिथे मात्र ट्रान्सपरंटच हवं. लोगो नुसत्या रेघा न् अक्षरांचा असेल तर डिझायनरकडून एसव्हीजीच मागून घ्या, कितीही मोठा केला तरी फाटत नाही.

मग साइज. रुंदी १२०० पिक्सेल केली तरी बहुतेक ठिकाणी भागतं. १२०० बाय ९०० म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेलवरून थेट १० लाख ८० हजारावर आलात, कॉम्प्रेशनला हात लावायच्या आधीच.

आता खरी डोकेदुखी, कडा. भावाने पुढे भरीताची वांगीपण साइटवर टाकली, आपली हिरवी, पांढऱ्या रेघांची. मी बॅकग्राउंड उडवलं, पांढऱ्या पानावर एकदम झकास दिसत होतं, गडद हिरव्या बॅनरवर ठेवलं तर वांग्याभोवती खडूने रेघ मारल्यासारखी पांढरी कड, देठापाशी तर जास्तच. होतं असं की काठावरच्या पिक्सेलमध्ये वांग्याचा न् मागच्या पांढऱ्याचा रंग मिसळलेला असतो, बॅकग्राउंड गेलं तरी तो तिथेच चिकटून बसतो. गिंप या फुकट फोटो एडिटरमध्ये लेयर मेनूतल्या ट्रान्सपरन्सीत जाऊन अल्फा टू सिलेक्शन करा, मग सिलेक्ट मेनूतून श्रिंक १ पिक्सेल, मग इन्व्हर्ट, आणि डिलीट. नाहीच गेली तर २ पिक्सेल. जेपीजी उघडून काम करत असाल तर सगळ्यात आधी त्याच मेनूतून अॅड अल्फा चॅनल करायचं (अल्फा म्हणजे पिक्सेल किती पारदर्शक ते), नाहीतर डिलीट दाबलं की ट्रान्सपरंट व्हायच्या ऐवजी रंग भरतो आणि आपण बसतो डोकं खाजवत. आणि हो, जीआयएफच्या नादी लागू नका, त्यात पिक्सेल एकतर पूर्ण दिसतो नाहीतर पूर्ण गायब, मधलं काही नाही, म्हणून कडा करवतीसारख्या येतात.

गिंपमधून पीएनजी एक्स्पोर्ट करताना "सेव्ह कलर व्हॅल्यूज फ्रॉम ट्रान्सपरंट पिक्सेल्स" अशी टिक असते ती काढा. उडवलेलं बॅकग्राउंड डोळ्यांना दिसत नाही पण त्याचे रंग फाइलमध्ये तसेच पडून असतात, उगाच ओझं. चारही बाजूंची रिकामी जागा क्रॉप टू कंटेंटने कापा. साधा लोगो असेल तर टायनीपीएनजी या वेबसाइटवरून काढा, तो रंग २५६ पर्यंत आणतो पण अर्धपारदर्शक कडा शाबूत राहतात.

मी आता बहुतेक सगळं वेबपीच करतो, म्हणजे जेपीजी-पीएनजीसारखाच आणखी एक फाइलचा प्रकार. फोटोसारखं कॉम्प्रेशनही मिळतं आणि ट्रान्सपरन्सीही, दोन्ही एकाच फाइलमध्ये. २०२० मध्ये अॅपलच्या सफारी ब्राउझरनेपण ते घेतलं, त्यामुळे आता घाबरायचं कारण नाही. ब्राउझरमध्ये स्क्वूश ही फोटो हलके करायची साइट उघडा, फोटो टाका, क्वालिटी ७५ ठेवा, मधली पट्टी सरकवून आधीचं-नंतरचं बघा. वेफर्सवरचं तिखट-मीठ नीट दिसतंय ना, मग अजून थोडं खाली आणा.

ट्रान्सपरंट लोगो व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, तिकडे जेपीजी होऊन पोहोचतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. गुगलवरून उचललेल्या पीएनजीत कधी कधी मागच्या राखाडी चौकटी खऱ्याच चित्राचा भाग निघतात, तेही बघून घ्या. आणि घरी काढलेला फोटो असेल तर एक्झिफची, म्हणजे फोटोसोबत लपून जाणाऱ्या माहितीची, टिक काढूनच एक्स्पोर्ट करा, कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असलं की त्यात घराचं ठिकाणच असतं.