यल्लम्माचा डोंगर पाण्याकाठून बघायचा असेल तर

बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर भागात "डोंगराला जाऊन आलो" म्हटलं की कुठला डोंगर असं कुणी विचारत नाही, डोंगर म्हणजे सौंदत्तीचा, यल्लम्माचा. रात्री ट्रॅक्स गाडी भरून निघायचं, पहाटे पायथ्याच्या जोगुळभावीत अंघोळ, वर दर्शन, मग झाडाखाली चूल मांडून नैवेद्य आणि जेवून दुपारी परत. मी लहानपणापासून अशी कितीदा तरी जाऊन आले पण शेजारीच रेणुकासागर धरणाचं एवढं मोठं पाणी पसरलंय त्याच्या काठावर कधी थांबलेच नव्हते, कारण गाडीतल्या सगळ्यांना घरी पोचायची घाई असायची. गेल्या चार-पाच वर्षांत मुद्दाम पाण्यासाठी वेळ काढून जाते, आणि ज्यांनी फक्त दर्शन करून पाठ फिरवलीय त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी एक सांगते, म्हणजे काठावर उभं राहिल्यावर नुसतं "छान आहे" म्हणून फोटो काढून येणार नाही. रेणुकेची, म्हणजे आपल्या यल्लम्माचीच, गोष्ट आजीकडून ऐकलेलीच असणार, ती रोज मलप्रभेवर जाऊन ताज्या वाळूचा घडा करायची, सापाची चुंबळ करून डोक्यावर ठेवायची आणि जमदग्नींच्या पूजेला पाणी आणायची, एक दिवस पाण्यात गंधर्वांची जलक्रीडा बघून मन विचलित झालं आणि घडा काही केल्या होईना. ती नदी हीच. आणि ही मलप्रभा निघते कुठून तर आपल्या कणकुंबीतून, हब्बनहट्टीच्या मारुतीला पावसाळ्यात बुडवून, असोग्याच्या रामलिंगाजवळून, खानापूरच्या घाटावरून ती पुढं जाते आणि सौंदत्तीजवळ नवलतीर्थला 1970 च्या दशकात झालेल्या धरणात अडते. म्हणजे आपल्या दारातलं पाणी आईच्या पायथ्याला जाऊन थांबतंय, मला तर हे कळल्यापासून काठावर गेलं की आधी ओंजळभर पाणी डोळ्याला लावल्याशिवाय राहवत नाही.

आता कधी जायचं. ऑगस्टच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत, पण त्या वर्षी आपल्याकडं पाऊस झाला असेल तरच. सौंदत्तीचं आभाळ बघून अंदाज करू नका, तो भाग कोरडा, धरण भरतं ते कणकुंबी-जांबोटीच्या पावसावर. जांबोटीला सलग पाऊस लागलाय असं कळलं तर समजायचं तलाव भरायला लागला. पूर्ण भरलं तर साधारण 37 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, हुबळी-धारवाड पितं ते हेच पाणी, खालची शेती पण ह्याच्यावर. एप्रिल-मे मध्ये पाणी लांब आत सरकतं आणि मधे भेगाळलेला गाळ, तेव्हा पाण्यासाठी म्हणून जाऊ नका. दिवस निवडताना मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा, त्यातही मार्गशीर्षातली आणि माघातली पौर्णिमा, माघातलीला तिकडं भारत हुण्णिमे म्हणतात, तेव्हा रस्ता बैलगाड्या ट्रॅक्टर बसेसनी भरलेला असतो. जत्रेलाच जायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण मग तलाव दुसऱ्या फेरीला ठेवा.

बेळगावहून 70-80 किलोमीटर, नेसर्गी-यरगट्टी-मुनवळ्ळी करून गेलात तर धरणाचा फाटा सौंदत्तीच्या आधीच लागतो. खानापूरकरांनी बिडी, कित्तूर, बैलहोंगलवरून जावं, बेळगावची गर्दी वाचते आणि वाटेत बैलहोंगलला राणी चन्नम्माची समाधी पण होते. बसने जायचं तर बेळगाव स्टँडवरून सौंदत्तीच्या आणि जत्रेला थेट डोंगराच्या गाड्या असतात. बायकांना 2023 पासून साध्या सरकारी बसला तिकीट नाही पण आधारवर कर्नाटकचा पत्ता पाहिजे, चंदगड-गडहिंग्लजची नणंद, मावशी बरोबर असेल तर तिचं तिकीट काढावं लागतं, हे आधीच सांगून ठेवा म्हणजे बसमध्ये तिला अवघडल्यासारखं होत नाही.

क्रम कसा ठेवायचा हे सगळ्यात महत्त्वाचं. तलाव पश्चिमेला आणि डोंगर पूर्वेला. म्हणून सकाळी डोंगरावर आणि संध्याकाळी पाण्यावर, उलटं करू नका. सकाळी वर चढताना मागं वळून बघितलं की सूर्य तुमच्या पाठीशी येतो, सौंदत्ती गाव आणि त्याच्या पलीकडचं पाणी उजेडात दिसतं, वळणावर गाडी नीट कडेला घेऊन पाच मिनिटं बघा. दर्शन, ओटी, जेवण झालं की उन्हात बाहेर हिंडण्यापेक्षा झाडाखाली पडा. मग चारनंतर खाली या आणि पाण्याकडं जावा. गावात बॅकवॉटर म्हणून समजलं नाही तर "हिन्नीर यल्लि काणतैत्री?" (धरणामागचं पाणी कुठं दिसतं?) असं विचारा, मोडकं-तोडकं कन्नड बोललं तरी लोक बरोबर येऊन वाट दाखवतात. शेतातून जायची वेळ आली तर आधी विचारा, पिकात गाडी घालू नका.

काठावर आलात की पाणी समोर ठेवून पूर्वेला बघा. साधारण साडेपाचच्या पुढं ऊन तुमच्या पाठीमागून डोंगरावर पडतं आणि ती सपाट माथ्याची, कड्यासारखी तुटलेली लालसर रांग एकदम पुढं आल्यासारखी वाटते. देऊळ शोधत बसू नका, आई डोंगराच्या कुशीत बसलीय, सात खोऱ्यांची म्हणून तर कन्नडमध्ये तिला एळुकोळ्ळद यल्लम्मा म्हणतात. मोबाईल आडवा धरा, खाली थोडं पाणी येऊ दे, झूम करू नका, झूम केलं की डोंगर नुसता दगड दिसतो. वारा पडला तर पाण्यात पण डोंगर उतरतो, तेवढ्यासाठी अर्धा तास थांबलात तरी चालेल.

नवलतीर्थला नदी दोन टेकड्यांच्या मधल्या चिंचोळ्या खिंडीतून जाते, तिथंच भिंत घातलीय. नविलु म्हणजे मोर, मोरानं हिणवलं म्हणून नदीनं वळून डोंगर फोडला अशी गोष्ट सांगतात. भिंतीवर सोडतीलच असं नाही, अडवलं तर वाद न घालता परत फिरा. आणि गेट उघडी असताना खालच्या बाजूला पात्रात अजिबात उतरू नका, 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी सोडल्यावर मुनवळ्ळी, रामदुर्गचे हाल झाले ते तिकडचे लोक अजून सांगतात.

पोहायचं तर नावच काढू नका. वरून शांत दिसतं पण काठाला गाळ आहे, पाय रुतला की निघत नाही, पोरांचा हात सोडू नका. ओटीचं सामान, जुनी चोळी, प्लास्टिकची पिशवी पाण्यात सोडायची सवय आपल्याच लोकांना आहे, मला ते बघून फार वाईट वाटतं, ज्या पाण्यानं आईनं घडा भरला त्यात कॅरीबॅग कशी टाकवते? हळद-कुंकू वाहायचं तर चिमूटभर वाहा, बाकी सगळं घरी आणा.

खायला कडक भाकरी, भरलं वांगं, शेंगाचटणी सौंदत्तीत मिळते, पण काठावर काही मिळेल असं धरू नका, प्यायचं पाणी बरोबर ठेवा. सूर्य बुडाला की लगेच निघा. नोव्हेंबरपासून उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, दोन-दोन ट्रॉल्या आणि मागं लाईट नाही, यरगट्टीपर्यंत तर हळूच चालवा, आणि ड्रायव्हर दिवसभर उन्हात फिरलेला असेल तर त्याला आधी चहा पाजा मगच गाडी काढा.