इलिमानी आणि गल्ली: लिनोकट कसे करावे

बोलिव्हियातील ला पास शहरालगतचा ६,४३८ मीटर उंचीचा इलिमानी पर्वत तिथल्या मूळ रहिवासी आयमारा लोकांना राखणदार पूर्वज वाटतो. म्हणून तिथल्या वस्तीचे लिनोकट (लिनो, म्हणजे लिनोलियमचा तुकडा, कोरून त्यावरून घेतलेला छाप) करताना त्याला पार्श्वभूमीत न ढकलता उतारावरील विटांच्या घरांइतकेच ठळक ठेवावे. गल्ली एकच निवडावी. पाचामामेला, म्हणजे धरणीमातेला, ऑगस्टमध्ये जाळून दिल्या जाणाऱ्या अर्पणाचा धूर अंगणातून चढताना समांतर रेषांनी दाखवता येतो. कोपऱ्यात शोभेपुरती चाकाना (पायऱ्यांच्या कडांचे अँडियन क्रूसचिन्ह) कोरण्यापेक्षा हे मला अधिक प्रामाणिक वाटते.

रेखाचित्र लिनोवर उलटे उतरवावे, नाहीतर दुकानाच्या पाटीवरील अक्षरे छापात उलटी येतील. थंडीत लिनो कडक होतो, तेव्हा तो किंचित कोमट करून, कोरणी अंगापासून दूर चालवत आणि दुसरा हात कायम पात्यामागे ठेवत, पांढरा राहायचा बर्फ कोरून काढावा. शाई रोलरने पातळच लावावी. जाड थरात धुराच्या रेषा बुजतात. वर पातळ कागद ठेवून चमच्याच्या पाठीने मध्याकडून कडांकडे घासावे, एक कोपरा उचलून काळेपणा पाहावा आणि फिका वाटल्यास तेवढाच भाग पुन्हा घासावा.