जत्रेतल्या पाळण्यांची गती फोटोत कशी पकडावी

आकाशपाळण्याचा फोटो ऑटो मोडवर काढला की बहुतेक वेळा फिरणारा पाळणा बंद पडल्यासारखा दिसतो. फोटो हलू नये म्हणून कॅमेरा शटर (प्रकाश आत सोडणारा पडदा) जमेल तितक्या कमी वेळासाठी उघडतो आणि त्यात गतीच पुसली जाते. ती हवी असेल, तर शटर किती वेळ उघडं ठेवायचं हे आपण ठरवायचं. ते अंदाजाने ठरवू नका, पाळण्याची फेरी मोजून ठरवा.

वेळ आणि जागा

सूर्यास्तानंतर वीस ते पस्तीस मिनिटं हा सगळ्यात चांगला काळ. आकाश गडद निळं असतं, दिवे लागलेले असतात आणि शटर लांबवलं तरी फोटो पांढरा पडत नाही. सोलापूरच्या गड्डा यात्रेत, संक्रांतीच्या सुमारास, सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो. म्हणजे होम मैदानावर साधारण ६:३५ ते ६:५० ही आपली वेळ. नंतर आकाश काळं होतं आणि पाळण्याचा सांगाडा अंधारात विरून जातो.

दुपारच्या उन्हात हा प्रयोग जवळपास अशक्य आहे. मोबाइलचं ॲपर्चर, म्हणजे लेन्समधून प्रकाश आत येण्याचं भोक, एफ/१.८ च्या आसपास कायम असतं (एफचा आकडा मोठा, तितकं भोक लहान), त्यामुळे कडक उन्हात आयएसओ (प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) १०० वर शटर १/८००० सेकंदाच्या घरात जातं. तिथून १/१५ वर यायचं तर प्रकाश नऊ स्टॉपने, म्हणजे नऊ वेळा निम्मा करत, कमी करणारा एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची गडद काच) लागतो. कॅमेऱ्यावर एफ/१६ ठेवता येतं, म्हणून तिथे तीन स्टॉपचा फिल्टर पुरतो.

१५ मीटर उंच पाळण्यासाठी २० ते २५ मीटर मागे उभं राहा. ट्रायपॉड मातीवर ठेवा. फळ्यांच्या फलाटावर किंवा जनरेटरजवळ ठेवला तर कंपनं थेट फोटोत उतरतात. अगदी समोरून गोल दिसतो, थोडं बाजूला सरकलं की लंबगोल. लंबगोलात पाळण्याची खोली कळते, म्हणून आमची पसंती त्याला.

आधी फेरी मोजा

पाळणे भरले जात असताना चाक थांबत थांबत फिरतं. तेव्हा फोटो काढला तर प्रकाशाच्या रेषेत जागोजागी ठळक ठिपके पडतात. सगळे बसून चाकाने पूर्ण वेग घेतला की एक पाळणा नजरेत धरा आणि तो परत त्याच जागी यायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर पाहा. शेजारी आऱ्यांची संख्याही मोजून ठेवा.

समजा फेरी १२ सेकंदांची आणि आरे १२. म्हणजे एक आरा पुढच्या आऱ्याच्या जागी एका सेकंदात पोहोचतो. सगळ्या आऱ्यांवर सारखेच दिवे असतील तर एका सेकंदात वर्तुळ पुरं होतं. त्यासाठी बारा सेकंद शटर उघडं ठेवायची गरज नाही. आऱ्यांचे रंग वेगवेगळे असतील किंवा दिवे उघडझाप करत असतील, तर मात्र पूर्ण फेरी घ्या.

पण वर्तुळ पूर्ण भरलं की ते प्रकाशाचं सपाट ताट दिसायला लागतं. दोन आऱ्यांमधल्या अंतराच्या निम्मा वेळ, म्हणजे या उदाहरणात अर्धा सेकंद, शटर उघडं ठेवलं तर प्रत्येक आऱ्याचा पंखा उमटतो आणि मधे काळोखाची फट राहते. त्या फटींमुळेच हे चाक आहे आणि ते फिरतंय हे कळतं. आधी हाच फोटो घ्या, भरलेलं वर्तुळ नंतर.

सेटिंग

कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ १००. अर्ध्या सेकंदासाठी एफ/४ पासून सुरुवात करा, चार सेकंदांसाठी एफ/११ पासून. फोकस चाकाच्या मधल्या आसावर घ्या आणि मॅन्युअल करून टाका. आस जागचा हलत नाही, त्यामुळे नंतर स्क्रीनवर झूम करून फोटो तपासायलाही तीच जागा कामाची. आसच पुसट आला असेल तर ट्रायपॉड हलला आहे. बटण दाबताना लागणारा धक्का टाळायला दोन सेकंदांचा टायमर लावा.

मोबाइलवर नाइट मोड नको. तो अनेक फ्रेम घेऊन जुळवतो आणि त्या जुळवणीत हलणाऱ्या वस्तू तुटक येतात. प्रो मोडमध्ये शटर आणि आयएसओ स्वतः ठेवा. मोबाइलचं ॲपर्चर लहान करता येत नाही, म्हणून आयएसओ ५० पर्यंत खाली आणा आणि चार सेकंदांऐवजी अर्ध्या ते एका सेकंदावर भर द्या. आयफोनवर लाइव्ह फोटो काढून त्याला लाँग एक्सपोजरचा इफेक्ट देता येतो. ती नोंद सुमारे तीन सेकंदांची असते.

रेषा तुटक का येतात? एलईडी माळा विजेच्या ५० हर्ट्झच्या तालावर सेकंदाला ५० किंवा १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, पण चार मीटर प्रतिसेकंद वेगाने फिरणाऱ्या कडेवरचा दिवा प्रत्येक लुकलुकीत ४ ते ८ सेंटीमीटर पुढे गेलेला असतो, म्हणून ठिपक्यांची ओळ उमटते. शटरने हे जात नाही. अखंड रेषा हवी असेल तर जुन्या पिवळ्या बल्बचा पाळणा शोधा.

पाळण्यात बसून

इथे हिशोब उलटा होतो. तुम्ही आणि समोर बसलेला माणूस एकत्र फिरता, त्यामुळे माणूस स्पष्ट आणि मागची दुकानं रेषांची. सुरुवातीला मेरी-गो-राउंड सगळ्यात सोपं.

फेरी आठ सेकंदांची असेल तर पार्श्वभूमी सेकंदाला ४५ अंश सरकते. १/१५ वर तीन अंश, म्हणजे मोबाइलच्या आडव्या फ्रेमच्या सुमारे विसाव्या भागाएवढी ओढ. मागे काय आहे ते ओळखू येतं. १/८ वर ती बाराव्या भागाएवढी होते आणि रंगांचे पट्टे उरतात. १/४ वर पाळण्याचा स्वतःचा खडखडाट चेहरा पुसतो. १/१५ पासून सुरुवात करून १/८ पर्यंत जा. कोपर अंगाशी घट्ट धरा आणि सलग पाच-सात फोटो काढा, त्यातला एखादाच धक्क्यांच्या मधे सापडतो.

बसण्याआधी इमेज स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर भरून काढणारी सोय) बंद करायला विसरू नका. कॅमेरा फिरतोय असं त्याला वाटतं आणि तो मागचं दृश्य स्थिर धरायला बघतो, म्हणजे नेमका माणूस पुसट होतो. मोबाइलमध्ये ते बंद होत नसेल तर अल्ट्रावाइड लेन्स वापरून बघा. पुष्कळ मोबाइलमध्ये त्या लेन्सला लेन्स हलवणारं स्टॅबिलायझेशन नसतं.

मनगटात दोरी अडकवल्याशिवाय मोबाइल हातात घेऊ नका, सेल्फी स्टिक खालीच ठेवा आणि पाळणेवाल्याला आधी विचारा. ब्रेक डान्स, टोराटोरा आणि रोलर कोस्टरवर कॅमेरा नेऊच नका. तिथे दोन्ही हात दांड्यावर लागतात आणि निसटलेला मोबाइल खालच्या माणसाचं डोकं फोडू शकतो.

कोलंबस आणि मौत का कुआ

कोलंबसची होडी दोन्ही टोकांना क्षणभर थांबते आणि मधे सगळ्यात वेगात असते. मधे अर्धा सेकंद शटर ठेवलं तर नुसता रंगाचा फराटा येतो. टोक येण्याच्या जरा आधी १/८ वर दाबा: चेहरे ओळखू येतात, हात आणि केस ओढलेले दिसतात.

मौत का कुआमध्ये वरच्या कठड्यावरून गाडीबरोबर कॅमेरा फिरवत १/३० वर फोटो घ्या. कॅमेरा गाडीच्या वेगानेच फिरवायचा आणि बटण दाबल्यावरही थांबायचं नाही, नाहीतर गाडीही पुसट येते. इथे फ्लॅश पूर्ण बंद ठेवा. चालकाच्या डोळ्यांवर झगझगाट आला तर भिंतीवरचा त्याचा तोल जाऊ शकतो. मोबाइलचा फ्लॅश ऑटोवर असेल तर कठड्याशी जाण्याआधीच तो बंद करा.