मोबाइलवरचं पुस्तक, पण वाचणारं पोरगंच

प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मुलांसाठी मराठी गोष्टी फुकट आहेत. पातळी १ सर्वांत सोपी, ४ अवघड. इयत्ता न बघता पोराला एक पान वाचायला द्या. पाच शब्दांवर अडलं तर एक पातळी खाली या.

गगनबावडा, राधानगरीकडं पावसात रेंज जाते, म्हणून चार-पाच पुस्तकं आधीच डाउनलोड करा. फोन आडवा धरा, म्हणजे अक्षर मोठं दिसतं. नोटिफिकेशन बंद.

खरी गोम काही गोष्टी वाचून दाखवणाऱ्या आवाजाच्या बटणात आहे. आवाज आधी लावला की पोरगं गोष्ट पाठ करतं आणि आपल्याला वाटतं, वाचतंय! म्हणून पहिल्यांदा आवाजाशिवाय, बोट ठेवून वाचू द्या. आवाज नंतर, पडताळायला. शंका आली तर मधलाच एखादा शब्द विचारा.

मराठीत अडतं ते बहुधा ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरांवर. ‘सूर्य’मधला रफार दिसतो ‘य’वर, उच्चारायचा मात्र त्याच्या आधी. अडलेले तीनच शब्द वहीत लिहून घ्या. ‘पन्हाळा’, ‘ज्योतिबा’ असली जोडाक्षरं तर बसच्या पाट्यांवरही भेटतात. तिथं थांबून वाचायला लावा. रोज दहा-पंधरा मिनिटं पुरतात.