मोहर ओटीवरून बघू नका, झाडाखाली जाऊन बघा

माघ सरत आला. रत्नागिरी-सिंधुदुर्गात बहुतेक दारच्या आंब्यांवर मोहर आहे. कुठे बोंगे, म्हणजे मोहराचे कोंब, आत्ता फुटताहेत, कुठे पहिला मोहर पूर्ण फुललाय आणि त्याच झाडाच्या दुसऱ्या फांदीवर नवा डोकावतोय. रात्री गारठा, पहाटे दंव, सकाळी मळभ. ही हवा आपल्याला बरी वाटते, मोहराचा रस शोषणाऱ्या तुडतुड्यांना त्याहून बरी वाटते. म्हणून बाकीची कामं खाली यादीत उरकली आहेत आणि सगळा वेळ एकाच गोष्टीवर घालवला आहे.

ती गोष्ट अशी, की घरच्या आंब्याचा मोहर फुलायच्या आधी कोणी हातात धरून बघत नाही.

शे-दोनशे कलमं असलेला बागायतदार बघतो, कारण त्याचं वर्षाचं पोट त्यावर आहे. पण परसातलं एकच हापूस, विहिरीजवळचा पायरी, वाडवडिलांनी लावलेला रायवळ, यांचा मोहर ओटीवर चहा पिता पिता बघितला जातो. मुंबईला फोटो जातो, ‘यंदा झाड फुललंय’ म्हणून सगळे खूश होतात. मग आठ-दहा दिवसांनी झाडाखाली उभ्या केलेल्या स्कूटरची सीट हाताला चिकट लागते. खालच्या अबोलीची पानं तेल लावल्यासारखी चमकायला लागतात. पुढच्या आठवड्यात तीच पानं काळी पडतात. तेव्हा माणूस दुकानात धावतो, तीन बाटल्या घेऊन येतो आणि पूर्ण फुललेल्या मोहरावर तिन्ही एकत्र करून मारतो. तुडतुड्यांनी रस आधीच नेलेला असतो, उरलेल्या फुलांवर येणाऱ्या माश्या आपण मारतो. एप्रिलमध्ये झाडावर पानंच. मग ‘यंदा हवामानच तसं होतं’ असं म्हणायचं. हवामान तसं होतंच, पण ते शेजारच्या वाडीतही तेच होतं.

तुडतुडा पाचरीच्या आकाराचा, करड्या-तपकिरी रंगाचा असतो, गव्हाच्या दाण्याहूनही लहान. एरवी सालीच्या भेगांत दडून राहतो, कोवळं काही फुटलं की बाहेर पडतो. मादी अंडी मोहराच्या कोवळ्या दांड्यात नाहीतर पालवीच्या शिरेत खुपसते, म्हणून अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. दिसतात ती पिल्लं, तीही बघायला गेलात तरच. दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी उभी राहते. आज चार दिसले आणि सोडून दिले, तर मोहर फुलेपर्यंत मोजता येणार नाहीत इतके होतात. वरून जो चिकटा पडतो तो त्यांच्या अंगातला गोड पाझर, आणि त्यावर वाढते ती काळी बुरशी. म्हणजे पानं काळी दिसायला लागली तेव्हा मूळ नुकसान मागेच झालेलं असतं. काळ्या पानांवर बुरशीनाशक मारून काही परत येत नाही.

बघायचं कसं? बोंगा फुटून दांडा वीतभर व्हायच्या आत एक पांढरा कागद त्याखाली धरा आणि दांड्याला टिचकी मारा. जे पडेल ते तिरकं पळालं तर तुडतुड्याचं पिल्लू समजा. पिवळसर, धाग्याच्या तुकड्याएवढं बारीक काही वळवळलं तर फुलकिडे. झाडाच्या चारी बाजूंचे, निदान हात पोचेल तिथले, पाच-सहा बोंगे असे झटका. माझा अनुभव असा की घराच्या किंवा विहिरीच्या सावलीतली, वारा न लागणारी बाजू आधी भरते, त्यामुळे सुरुवात तिथून करा. आणखी एक खूण: उन्हाच्या वेळी खोडाजवळ जाऊन खालची फांदी हलवली आणि पानांवर बारीक पाऊस पडल्यासारखी टिकटिक ऐकू आली, तर कागदही लागत नाही. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, पण या खुणेने सहसा फसवलेलं नाही.

सलग दोन-तीन दिवस मळभ राहिलं तर आठवडा उलटायची वाट बघू नका, तिसऱ्या दिवशी पुन्हा झटका.

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशीतल्या या मात्रा. सगळ्या १० लिटर पाण्यासाठी आहेत:

– मोहरापूर्वी, पालवीवर तुडतुडे असतील तर: डेल्टामेथ्रीन २.८ टक्के प्रवाही, ९ मिलि
– बोंगे फुटताना: लॅम्बडा सायहॅलोथ्रीन ५ टक्के प्रवाही, ६ मिलि
– त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी, फुलं उमलण्यापूर्वी, तुडतुडे दिसले तरच: इमिडाक्लोप्रीड १७.८ टक्के, ३ मिलि
– फुलकिडे असतील तर: स्पिनोसॅड ४५ टक्के, २.५ मिलि
– भुरी (मोहरावर पांढरी पूड) दिसली तर: हेक्झाकोनॅझोल ५ टक्के, ५ मिलि किंवा पाण्यात मिसळणारं गंधक ८० टक्के, २० ग्रॅम

पाच ओळी आहेत म्हणून पाच फवारण्या करायच्या नाहीत. एकट्या घरच्या झाडाला वेळेवर मारलेली एक, फार तर दोन, पुरतात. झाड लहान असेल आणि तुडतुडे नुकतेच दिसत असतील तर मी ५ टक्के निंबोळी अर्कावरच थांबेन: अर्धा किलो निंबोळीची भरड रात्रभर भिजवायची, फडक्यातून गाळायची, १० लिटर पाणी करायचं, थोडा साबणचुरा घालायचा. संध्याकाळी मारायचा. तुडतुड्यांनी भरलेल्या झाडावर मात्र याचा उपयोग होत नाही, तिथे उगाच आशा धरू नका. संध्याकाळच्या धुरीबद्दल बरेच जण विचारतात. धुराने तुडतुडे हलतात खरे, पण माझ्या मते ते मरत नाहीत, शेजाऱ्याच्या आंब्यावर जातात आणि धूर विरला की परत येतात.

आता मोहर फुललाच असेल तर? तर हात आवरा. एका मोहरात शेकडो-हजारो फुलं असतात, त्यांतली बरीच नर. फळ धरतं ते संयुक्त, म्हणजे नर-मादी दोन्ही भाग असलेल्या फुलाला, आणि हापूसमध्ये ती मुळातच कमी. थंडी वाढली की आणखी कमी होतात. त्या थोड्या फुलांपर्यंत पराग पोचवतात त्या साध्या माश्या, मधमाश्या आणि फुलांवर घोंगावणारे बारीक कीटक. परागीकरणाचा मुख्य वेळ सकाळी ९ ते १२. इमिडाक्लोप्रीड काय, थायामेथोक्झाम काय, मधमाशीला दोन्ही विष. म्हणून फुललेल्या मोहरात तुडतुडे थोडे असतील तर वाटाण्याएवढी फळं धरेपर्यंत काहीच मारू नका. फारच भरला असेल तर दुपारी चारनंतर, वारा पडल्यावर, फक्त त्या बाजूच्या फांद्यांवर एकच औषध मारा.

आणि ते ‘सेटिंगचं टॉनिक’ दुकानातच राहू द्या. मोहर टिकवणारं, फळ धरवणारं, गळ थांबवणारं, तिन्ही एका बाटलीत, आणि बाटलीवर आत काय आहे ते धड लिहिलेलं नाही. असल्या बाटलीपेक्षा पांढरा कागद स्वस्त आणि जास्त कामाचा. पॅक्लोब्युट्राझोल हे मोहर लवकर यावा म्हणून मुळाशी घालायचं औषधही घरच्या झाडाला घालण्याच्या भानगडीत पडू नका. ते पावसाळ्यात, दहा वर्षांवरच्या जोमदार कलमांना, पर्णविस्तार मोजून आणि खताची जोड देऊन घालायचं काम आहे. फेब्रुवारीत कोणी ते हातात ठेवत असेल तर दुकान बदला.

पाण्याचं थोडक्यात. मोहर असताना आळ्यात पाणी सोडू नका. मोरीचं सांडपाणी वर्षभर ज्या आंब्याच्या बुंध्यात जातं त्याला मोहराऐवजी पालवीच जास्त येते, असं मी वाडीवाडीत बघत आलो आहे. दसऱ्यानंतर ते पाणी केळीकडे वळवलेलं बरं. फळं वाटाण्याएवढी झाली की मग १५ दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा, मोठ्या झाडाला १५० ते २०० लिटर, आणि बुंध्याभोवती गवताचं किंवा पाल्याचं आच्छादन. काढणीच्या महिनाभर आधी पाणी बंद.

परसातली बाकी कामं:

– वाटाणा, गोटी आणि अंड्याएवढी फळं असताना प्रत्येकी एकदा १ टक्का पोटॅशियम नायट्रेट (१० लिटरला १०० ग्रॅम)
– मोहरातल्या सुकलेल्या काड्या, बांडगुळं काढणं
– लिंबाच्या नव्या पालवीवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी: हाताने वेचणं
– लिंबाच्या पानांत नागमोडी पांढऱ्या रेघा: तेवढी पानं खुडणं
– काजूची पालवी शेंड्याकडून काळी पडून करपत असेल: ढेकण्या (रस शोषणारा कीडा), लगेच कृषी खात्याच्या माणसाला दाखवणं
– जास्वंदीवर पिठ्या ढेकूण: भरलेला शेंडा कापून जाळणं, मग साबणाचं पाणी
– मोगऱ्याची छाटणी राहिली असेल तर आता ताबडतोब, नंतर शेणखत
– पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या आंब्यावर असतील तर त्यांना हात न लावणं

घराजवळच्या फवारणीला बागेपेक्षा जास्त सावध राहावं लागतं. हेच दिवस सांडगे-पापडांचे. खळ्यात वाळवण असेल तर त्या दिवशी पंप बाहेर काढू नका. विहिरीवर ताडपत्री ओढा. डेल्टामेथ्रीनसारखी औषधं विहिरीतल्या माशांना फार लवकर लागतात. कोंबड्या कोंडा, दोरीवरचे कपडे आत घ्या, पंप विहिरीच्या कठड्यावर धुऊ नका. उंच रायवळावर स्वतः चढून फवारायला जाऊ नका, लांब बांबूचा पंप असलेला माणूस बोलवा. तो आला की औषध आणि मात्रा तुम्ही सांगा, त्याच्या डब्यातलं ‘मिक्स’ घेऊ नका.

बाळकैऱ्या गळायला लागल्या की पोरं त्या मीठ-तिखट लावून खातात, घरात लोणच्यालाही उचलल्या जातात. बाटलीच्या लेबलवर फवारणीनंतर किती दिवस थांबायचं ते छापलेलं असतं. तेवढे दिवस संपेपर्यंत खाली पडलेली कैरी उचलू देऊ नका, आणि पाडव्याच्या गुढीला डहाळाही त्या झाडाचा काढू नका. उतरवलेला डहाळा सहसा गोठ्यातच जातो.