मुंबईच्या घाऊक बाजारात स्वस्ताई शोधताय? या चुका टाळा

दोन दारांचे पडदे शिवायचे होते. मंगलदास मार्केटमध्ये 90 रुपये मीटरने छानसं कापड मिळालं. दहा मीटर घेतलं आणि 900 रुपयांत काम झालं या आनंदात डोंबिवलीला परतले. शिंप्याने घडी उलगडली, टेप लावली आणि विचारलं, ‘‘ताई, पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, किती सांगितली होती?’’

मी पन्हा विचारलाच नव्हता. कापड 36 इंची निघालं. मी मनातल्या मनात 54 इंच धरून बसले होते. दोन पट्ट्यांत चुण्याच पडेनात, तिसरी पट्टी हवी, म्हणजे आणखी साडेचार मीटर. पुन्हा गेले तर तो तागा संपलेला, नव्या ताग्याचा रंग एक छटा गडद. तोच घेतला. घराजवळच्या दुकानात 54 इंची कापड 130 रुपये मीटर होतं, दहा मीटरचे 1300. माझे साडेचौदा मीटरचे झाले 1305. लोकलची दोन तिकिटं आणि दोन शनिवार वेगळे. पडद्यांची मधली पट्टी गडद आहे. पाहुण्यांना ते डिझाइन वाटतं, आणि मी त्यांना तसंच वाटू देते.

गिरगावात राहणारी माझी आत्या हे ऐकून एवढंच म्हणाली, ‘‘भाव शेवटी विचारायचा असतो गं.’’ आधी पन्हा, मग कापड सुती आहे की मिसळीचं, मग धुतल्यावर आटेल का, आणि हे सगळं झाल्यावर भाव. तिच्याबरोबर चार-पाच वर्षं हिंडल्यावर लक्षात आलं की या बाजारांत आपण फसवले जातो ते क्वचित. बहुतेक वेळा आपण आपलेच फसतो.

कापडाचं आलंच आहे तर संपवून टाकते. सुती कापड साधारण 36 किंवा 44 इंची, शर्ट-पँटचं 58 इंची. होजिअरीचं कापड ताणून मोजलं की मीटरमागे दोन-तीन बोटं जातात, म्हणून गज लावताना कापड सैल सोडायला सांगा. आणि लागेल त्याहून अर्धा मीटर जास्तच घ्या. तोच तागा पुन्हा मिळेल या भरवशावर राहू नका, माझ्या पडद्यांकडे बघा.

दुकान शोधत बसणं

सगळ्यात मोठी चूक हीच. कुणीतरी सांगितलेलं ‘ते एक दुकान’ शोधत लोक दोन तास उन्हात फिरतात. क्रॉफर्ड मार्केट, काळबादेवी, भुलेश्वर, पायधुनी या पट्ट्यात दुकान नाही, गल्ली शोधायची. दिवे, वायरी, स्विच, पंखे हवेत तर लोहार चाळ. हत्यारं, बेअरिंग, नट-बोल्ट हवेत तर नागदेवी. स्टेशनरी, वाढदिवसाचं सजावटीचं सामान, मुलांना वाटायच्या छोट्या भेटी यांच्यासाठी अब्दुल रहमान स्ट्रीट. तांब्या-पितळेची आणि स्टीलची भांडी तांबाकाट्याला. लेस, जर, खोटे दागिने, पूजेचं सामान भुलेश्वरला. इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग मात्र या पट्ट्यात नाहीत, त्यासाठी ग्रँट रोडकडे लॅमिंग्टन रोडला जावं लागतं.

एकाच धंद्याची पन्नास दुकानं खेटून उभी असली की भाव आपोआप आवाक्यात राहतो. तिसऱ्या दुकानात विचारेपर्यंत तुम्हाला चालू दर कळलेला असतो. म्हणून पहिल्या दुकानात काहीही घेऊ नका. गल्लीच्या तोंडावरचं दुकान तर सोडूनच द्या, त्याचं भाडं तुमच्या बिलात असतं. आत जा. जिना दिसला तर वर चढा. पहिल्या मजल्यावर अंधाऱ्या बोळाच्या टोकाला, पाटीसुद्धा धड नसलेल्या खोलीत अनेकदा तोच माल असतो आणि दाखवणाऱ्याला वेळही असतो.

नकाशावर विसंबायचं असेल तर नावांचा घोळ ध्यानात ठेवा. पाटीवर शामळदास गांधी मार्ग असतं, टॅक्सीवाला त्याला प्रिन्सेस स्ट्रीट म्हणतो. लॅमिंग्टन रोडचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने विचारलंत तर तिथला दुकानदारही क्षणभर थबकेल. दोन्ही नावं लिहून न्या.

वार न बघता निघणं

2017 च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या दुकानांना आठवड्याचे सातही दिवस उघडं राहायची मुभा आहे. बाजाराची सवय मात्र कायद्याहून जुनी. मंगलदास, मूळजी जेठा कापड बाजार, लोहार चाळ या भागात रविवारी गेलात तर शटरं मोजून परत याल. दादरची बरीच दुकानं सोमवारी बंद. चोर बाजारात, म्हणजे मटन स्ट्रीटवर, शुक्रवारी पक्की दुकानं बंद असतात, पण त्याच सकाळी रस्त्यावर जुन्या वस्तूंचा बाजार मांडलेला असतो. जुना ग्रामोफोन किंवा पितळी कंदील हवा असेल तर शुक्रवार टाळा. जुने बूट, हत्यारं, कुणाच्या तरी घरातून निघालेलं काहीबाही चाळायची हौस असेल तर शुक्रवारीच जा, आणि उजाडताच जा.

वेळेचंही तेच. नऊला पोचून उपयोग नाही. घाऊक दुकानं अकराच्या सुमारास कुठे जागी होतात.

क्रॉफर्ड मार्केटमध्ये स्वस्त फळं मिळतील असं समजणं

हा समज तीस वर्षं जुना झाला. फळं-भाज्यांचा घाऊक बाजार 1996 मध्ये वाशीला गेला. आता आतमध्ये मांडलेल्या सफरचंदांची आरास बघण्यासारखी असते, पण भाव बऱ्याचदा चेहरा बघून सांगितला जातो. मुंबईकर ‘क्रॉफर्डला जातोय’ म्हणतो तेव्हा त्याला आजूबाजूच्या गल्ल्या अभिप्रेत असतात, ती इमारत नव्हे.

तरी इमारतीसाठी पाच मिनिटं काढा. 1869 ची आहे, आणि 1882 मध्ये भारतात विजेचे दिवे पहिल्यांदा लागलेली इमारत म्हणून तिची ख्याती आहे. प्रवेशद्वारांवर जॉन लॉकवुड किपलिंगने आखलेली शेतकऱ्यांची, बाजारकऱ्यांची शिल्पपट्टी आहे. खाली घासाघीस करणाऱ्या आपल्यासारख्यांची मान वर होतच नाही, म्हणून ती दिसत नाही. नाव बदलून महात्मा जोतिबा फुले मंडई झालं त्यालाही कितीतरी वर्षं झाली.

घाऊक म्हणजे स्वस्तच असं धरून चालणं

घाऊक दुकानात एक नग मागितला की दोनच गोष्टी घडतात. एक तर ‘सिंगल पीस नहीं मिलेगा’, नाही तर एका नगाचा असा भाव की घराजवळचा वाणी परवडला. आधी विचारा, ‘‘किरकोळ देता का? कमीत कमी किती घ्यावं लागेल?’’ कुठे डझन असतो, बटणं-हुकांना ग्रोस, म्हणजे 144 नग. आमच्या इमारतीत चार घरं मिळून यादी करतात. दिवाळीच्या पणत्या, शाळेच्या वह्या, हळदीकुंकवाचं वाण एकत्र आणतात आणि वाटून घेतात. वाणाला एकटीने 144 कंगवे आणणारी एक शेजारीण माझ्या माहितीत आहे. तिच्या घरून अजूनही प्रत्येक पाहुणा कंगवा घेऊन जातो.

भांड्यांचं गणित निराळं. तांबाकाट्याला बरीच भांडी किलोवर मिळतात, त्यामुळे ‘या पातेल्याचे किती’ हा प्रश्नच चुकीचा. किलोचा दर विचारायचा, काट्यावर शून्य आहे ना ते बघायचं, आणि झाकण-मूठ काढून वजन करायला लावायचं, नाही तर बॅकेलाइटची मूठ पितळेच्या भावाने घरी येते. जुनी भांडी मोडीत द्यायची असतील तर घरी तोलून निघा. मोडीचा दर आणि नव्याचा दर आधी वेगवेगळे ठरवा, मग वजाबाकी. दोन्ही एकत्र करून ‘वर एवढे द्या’ असा आकडा सांगितला गेला की तुमच्या पितळेचं काय झालं ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

सगळीकडे एकच घासाघीस

कुलाबा कॉजवेवर निम्म्यापासून सुरुवात केली तर कुणाला वाईट वाटत नाही, तिथला भावच तसा सांगितलेला असतो. हीच रीत लोहार चाळीत वापरलीत तर माणूस तुमच्याकडे बघायचं थांबवतो, कारण तिथे सुटणारी रक्कम शेकड्यात पाच-सात असते. अशा ठिकाणी ‘कमी करा’ म्हणू नका. ‘दोन डझन घेतले तर काय लावाल’ असं विचारा.

भवानीच्या वेळी नुसती चौकशी करून निघून जाऊ नये, हे आत्याने मला दटावून शिकवलं. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलेलं दुकानदाराला आवडत नाही. पण खरंच घ्यायचं असेल तर हीच वेळ तुमची. पहिली विक्री व्हावी म्हणून तो थोडं खाली येतो.

आणि मराठीत बोला. आपण उगाच तोंड उघडताच हिंदीत शिरतो. समोरचा कच्छी किंवा गुजराती व्यापारी अनेकदा मुंबईतच वाढलेला असतो, त्याला मराठी छान येतं.

बिल नको म्हणणं

पडद्याचं कापड बिलाशिवाय चालेल, वायर नाही. विजेच्या सामानात स्वस्ताईच्या मागे लागून घरात आग आणू नका. वायर, स्विच, प्लग यांवर आयएसआय खूण आणि त्याखाली परवाना क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ या अॅपमध्ये तो घालून परवाना खरा आहे का हे दुकानात उभ्या उभ्या बघता येतं. ‘बिल पाहिजे का, मग जीएसटी लागेल’ असं म्हटलं गेलं तर म्हणा, लागू दे. बिल नसेल तर वॉरंटीही नाही, आणि तक्रार करायची वेळ आली तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सांगायला हातात पुरावाही नाही.

लालबागला मेमध्ये जाणं

वर्षाचा मसाला करायचा तर लालबागची मसाला गल्ली. एप्रिल-मेमध्ये मात्र तिथे उभं राहायला जागा नसते आणि मसाला कुटणाऱ्या डंकासमोरची रांग संपत नाही. मार्चमध्ये जा. बेडगी मिरची रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी तिखटाला, काश्मिरी पुन्हा रंगाला, हे प्रमाण घरून लिहून न्या. दुकानात विचारलंत तर ज्याची मिरची उरलीय त्याचं प्रमाण मिळेल. देठासकट आणि बिनदेठाची मिरची यांचा भाव वेगळा असतो. देठाची स्वस्त दिसते, पण देठं काढल्यावर पुन्हा तोलून बघा.

मिरची चांगली वाळलेली आहे का, हे मुठीत दाबून कळतं. कुरकुर वाजली पाहिजे. दमट असली तर पाण्याचे पैसे तुम्ही दिलेत, आणि भाजल्यावर वजन घटलं की भांडण होतं डंकवाल्याशी, ज्याचा यात काहीच दोष नाही. भाजणं-कुटणं समोर उभं राहून करून घ्या. ‘ठेवून जा, संध्याकाळी या’ याला हो म्हणू नका. शिंका येतात, डोळ्यांतून धारा लागतात, पदर नाकाला लावावा लागतो, पण डब्यात आपलाच मसाला आहे याची खात्री राहते. तिथे आहातच तर चिवडा गल्लीतून पाव किलो घेऊन या.

रीलवर भरवसा

‘मुंबईतलं सर्वांत स्वस्त दुकान’ असा व्हिडिओ लाखो लोकांनी बघितला की पुढच्या आठवड्यात ते दुकान स्वस्त राहत नाही. तुमचा शिंपी लेस कुठून आणतो, इलेक्ट्रिशियन स्विच कुठून उचलतो, ब्युटी पार्लरवाली सामान कुठून भरते, ते विचारा. फक्त ‘माझं नाव सांगा’ असं म्हटलं गेलं तर नाव सांगू नका. नावामागे कधीकधी कमिशन असतं, आणि ते तुमच्याच भावात चढवलेलं असतं.

परतीचा विचार न करणं

आता मेट्रो 3 चं काळबादेवी स्टेशन झालंय, त्यामुळे पोचणं सोपं झालं. मध्य रेल्वेने येणाऱ्यांनी तांबाकाटा, नागदेवीसाठी मस्जिदला उतरावं, मंगलदास आणि लोहार चाळीसाठी सीएसएमटीला. खरा प्रश्न परतण्याचा आहे. संध्याकाळी सहा वाजता हातात पातेली आणि कापडाचे गठ्ठे घेऊन डोंबिवली फास्ट पकडायचा विचारही करू नका. मोठं सामान असेल तर मालडब्यात चढा. एक तर दुपारी चारच्या आत गाडीत बसा, नाही तर सरळ उशीर करा. क्रॉफर्ड मार्केटसमोर बादशाहमध्ये फालुदा घ्या, पिशव्या पायाशी ठेवा, आणि साडेआठनंतर निघा.