भरतीची पोरं आणि चाळिशीतली मंडळी एकाच मैदानावर: गावात धावण्याचा गट असा चालवा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बहुतेक गावांत पहाटे मैदानावर दोन तऱ्हेची माणसं दिसतात. सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं, आणि डॉक्टरांनी बीपी-शुगरचा आकडा दाखवल्यावर बूट विकत घेतलेली चाळिशी-पन्नाशीची मंडळी. दोघं एकमेकांना वळसा घालून पळतात. यांचा एक गट होऊ शकतो, पण त्यासाठी वेळ आणि जागा एक ठेवून सराव वेगळा ठेवावा लागतो. बहुतेक गट महिन्या-दोन महिन्यांत मोडतात, कारण सगळे सगळ्यात वेगवान पोराच्या मागे पळतात. मागे पडणारा आधी लाजतो, मग दांड्या मारतो, मग येतच नाही.

जागा आणि परवानगी

शाळेचं मैदान हवं असेल तर मुख्याध्यापकांना आणि एसडीएमसीच्या (शाळा विकास व देखरेख समितीच्या) अध्यक्षांना अर्ज द्या. पंचायतीची जागा असेल तर पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना). अर्जात वेळ लिहा (उदा. पहाटे ५.३० ते ७), मैदान कोण झाडणार ते लिहा आणि एका जबाबदार माणसाचा फोन नंबर द्या. तोंडी परवानगीवर गट चालवू नका. मुख्याध्यापक बदलले की सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

बेळगाव शहरात असाल तर टिळकवाडीचा व्हॅक्सिन डेपो सावकाश पळायला उत्तम, झाडी आहे आणि पायाखाली माती आहे. वेळ लावून पळायला मात्र तिथे जाऊ नका. दाट झाडांखाली मोबाईल आणि घड्याळातलं अंतर भरवशाचं राहत नाही, शिवाय फिरायला येणाऱ्या वयस्कर मंडळींना धक्का लागतो.

२०० मीटरची फेरी आखणं

भरतीच्या पोरांसाठी हे काम सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच. "मैदानाला चार फेऱ्या म्हणजे मैल" असा हिशेब गावोगाव चालतो. फेरी प्रत्यक्षात ३६० मीटर निघाली की पोरगा वर्षभर खोट्या वेळेवर खूश राहतो.

मोकळी जागा किमान ८६ बाय ३६ मीटर हवी. साहित्य: ३० मीटरचा फायबर टेप, दोन लोखंडी खुंट्या, फक्कीचं (मैदानावर रेषा मारायच्या पांढऱ्या भुकटीचं) एक पोतं, चार विटा. दोरीने मोजू नका. सुताची दोरी दवाने आखडते आणि नायलॉनची ओढली की वाढते. कळीचा चुना तर अजिबात वापरू नका, डोळ्यांत गेला तर डोळा भाजतो.

मैदानाच्या मधोमध, लांबीच्या दिशेने, बरोबर ५० मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोका. प्रत्येक खुंटीला टेप अडकवून १५.७२ मीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ बाहेरच्या बाजूला काढा. अर्धवर्तुळाची टोकं खुंट्यांच्या रेषेशी काटकोनात आली पाहिजेत. त्यासाठी गवंडी गुण्या काढतो तसं ३-४-५ मीटरचं मोजमाप करा (एका बाजूला ३, दुसऱ्या बाजूला ४, तिरकं ५ मीटर). मग समोरासमोरची टोकं सरळ रेषेने जोडा. दोन्ही सरळ बाजू ५० मीटर भरल्या तर आखणी बरोबर, एक ४९ आणि एक ५१ आली तर काटकोन चुकला आहे.

त्रिज्या १५.७२ का? पळणारा माणूस रेषेवर पाय देत नाही, साधारण २० सेंटिमीटर बाहेरून पळतो. त्याच्या पावलांची त्रिज्या १५.९२ होते आणि फेरी २०० मीटर भरते. वळणं सुरू होतात आणि संपतात त्या चार ठिकाणी जमिनीसपाट विटा पुरून ठेवा. पावसाने फक्की धुऊन गेली तरी पुन्हा मोजावं लागणार नाही. विटा वर आलेल्या नकोत, पाय मुरगळायला तेवढं पुरे होतं.

पोरांना एक हिशेब फळ्यावर मांडून दाखवा. रेषेपासून एक मीटर लांबून पळणारा दर फेरीला सव्वासहा मीटर जास्त पळतो. भरतीच्या १६०० मीटरच्या आठ फेऱ्यांत ५० मीटर होतात. भरतीच्या वेगाने ते १० सेकंद आहेत. १० सेकंदांसाठी पोरं महिनोन्‌महिने घाम गाळतात, आणि वळणावर फुकट घालवतात.

भरतीच्या पोरांचा सराव

१६०० मीटर साडेपाच मिनिटांत बसवायचे, म्हणजे २०० मीटरची प्रत्येक फेरी सव्वाएक्केचाळीस सेकंदांत. कडेला उभा राहणारा माणूस प्रत्येक फेरीला मोठ्याने वेळ सांगेल: ४१, १.२२, २.०४, २.४५, ३.२६, ४.०७, ४.४९, ५.३०. वेळ मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हीत सांगा. गटात दोन्ही घरची पोरं असतात, आणि भाषेचा वाद मैदानाच्या फाटकाबाहेर ठेवलेलाच बरा.

ठरलेली चूक अशी: शिट्टी वाजली की पहिल्या दोन फेऱ्या मिळून ७० सेकंदांत, पाचव्या फेरीला खांदे वर चढलेले, आणि शेवटी सहा मिनिटं. सुरुवातीला दमाच्या ऐपतीबाहेर पळालेलं पुढे व्याजासकट फेडावं लागतं. यावर उपाय म्हणजे आठवड्यातून दोनच दिवस वेगाचा सराव, तोही ठरलेल्या वेगाने. मंगळवारी ८ वेळा २०० मीटर, प्रत्येक ४१ सेकंदांत, मध्ये दीड मिनिट चालणं. शनिवारी ५ वेळा ४०० मीटर, ८२ सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं. सहा आठवड्यांनी शनिवारी ३ वेळा ८०० मीटर, पावणेतीन मिनिटांत, मध्ये तीन मिनिटं. ज्याला ४१ जमत नाही त्याने ४४ धरावेत आणि दर तीन आठवड्यांनी एक सेकंद कमी करावा. कोणी ३६ मध्ये पळून दाखवलं तर शाबासकी देऊ नका, पुढची फेरी ४१ मध्येच पळायला लावा.

बाकीच्या दिवशी सावकाश. "सावकाश" म्हणजे पळताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. पोरांना हे पटवणं सगळ्यात अवघड, कारण घाम फुटला नाही तर सराव झालाच नाही असं त्यांना वाटतं. रोज जोर लावणाऱ्याची नडगी महिन्याभरात दुखू लागते. नडगीवर हाताच्या तळव्याएवढ्या भागात दुखत असेल तर आठवडाभर पळणं बंद ठेवून सायकल चालवा. दुखणं एका बोटाएवढ्या जागी असेल, रात्री झोपेतही जाणवत असेल, तर हाडाला चीर असू शकते. तेव्हा मालिश, लेप काही नको. हाडांच्या डॉक्टरकडे न्या.

महिन्यातून एकदा पूर्ण १६०० मीटरची परीक्षा घ्या, आणि ती पंधरा-वीस जणांच्या घोळक्यात. भरतीत धक्काबुक्कीतच सुरुवात होते. एकट्याने पळून सव्वापाच मिनिटं काढणारा पोरगा घोळक्यात कोंडला की गडबडतो.

उद्यमबागेत किंवा मच्छेच्या कारखान्यांत रात्रपाळी करून थेट मैदानावर येणारी पोरंही असतात. त्या दिवशी त्यांना वेगाचा सराव देऊ नका. नीट झोप झाल्यावर दुसऱ्या दिवशी द्या.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

चाळिशीपुढच्या प्रत्येकाला आधी बीपी, शुगर तपासून यायला सांगा. कुटुंबात हृदयविकार असेल किंवा चालताना छातीत भरून येत असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय पळायचं नाही. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याच्या खिशात ग्लुकोज किंवा साखरेची पुडी हवीच, आणि सोबतच्याला ते माहीत हवं.

पहिले दोन आठवडे एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा, आठवड्यातून तीन दिवस. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोन मिनिटं पळणं, दोन मिनिटं चालणं. पुढच्या दोन आठवड्यांत तीन आणि एक. आठव्या-नवव्या आठवड्यात बहुतेकांना वीस मिनिटं सलग पळता येतं. ज्याला येत नाही त्याने आधीचा आठवडा पुन्हा करावा. त्यात कमीपणा नाही. दम आठवड्यांत वाढतो, गुडघे आणि टाचांच्या शिरा तयार व्हायला महिने लागतात. दुखापती होतात त्या या फरकामुळे.

बायकांचा गट वाढवायचा असेल तर पहिल्या दिवशी ओळखीच्या किमान तीन-चार जणी एकत्र आणा. एकटी आलेली दुसऱ्यांदा येत नाही. साडी किंवा पंजाबी ड्रेसवर पळणाऱ्या असतात, त्यांना कपड्यांवरून टोकू नका, बूट तेवढे चांगले घ्यायला सांगा. वेळ त्यांना विचारून ठरवा. दूध, डबे, शाळेची तयारी यात साडेपाच जमत नसेल तर साडेसहाची दुसरी तुकडी करा.

रविवार सगळ्यांचा

वेगवेगळ्या वेगाची माणसं एकत्र पळवायची एक सोपी युक्ती आहे. अंतर ठरवू नका, वेळ ठरवा. शिवारातला एकच सरळ रस्ता निवडा. सगळे एकाच वेळी निघतात, प्रत्येकजण आपल्या सावकाश वेगाने. पंचविसाव्या मिनिटाला शिट्टी होते, किंवा प्रत्येकाच्या मोबाईलचा गजर वाजतो, आणि जो जिथे असेल तिथून मागे वळतो. वळताच सगळ्यात मागचा सगळ्यात पुढे होतो, आणि पन्नासाव्या मिनिटाला सगळे जवळपास एकत्र पोचतात. भरतीचा पोरगा साडेनऊ किलोमीटर पळालेला असतो, काकू साडेपाच, आणि चहा दोघांचा एकत्रच होतो. येताना कोणी शर्यत लावली तर हिशेब मोडतो. चाळिसाव्या मिनिटाला पोचलेल्याला पुढच्या रविवारी सगळ्यात मागून, पिछाडी सांभाळत पळायला लावा.

महिन्यातल्या एका रविवारी चढ घ्या. येळ्ळूर गावातून राजहंसगडाकडे चढणारा रस्ता त्यासाठी छान आहे. चढताना पावलं लहान, नजर पंधरा पावलं पुढे. उतरताना ब्रेक लावत टाचा आपटू नका, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या आठवण करून देतात. जांबोटी, कणकुंबीकडचे जंगलातले रस्ते कितीही मोहात पाडणारे असले तरी अंधारात तिकडे गट नेऊ नका. खानापूर तालुक्यातल्या त्या पट्ट्यात अस्वलं आणि गवे आहेत. नीट उजाडल्यावर, घोळक्याने आणि बोलत जा.

ऋतूंप्रमाणे

जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे साडेपाचला निघालं तर तास-सव्वा तास अंधार. नेमका तोच उसाचा हंगाम. मागे दिवा नसलेल्या, वाढे बाहेर लोंबणाऱ्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं पळा. पुढच्या आणि मागच्या माणसाच्या अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट हवं. कानात गाणी नकोत. कुत्री अंगावर आली तर थांबा, चालू लागा, पाठ दाखवून पळू नका. चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शन सुरू करा.

जून ते सप्टेंबर मातीचं मैदान विसरा. पश्चिमेकडची तांबडी माती बुटाला चिकटून एकेक पाय जड होतो, आणि गल्लीतल्या सिमेंटच्या रस्त्यांवर शेवाळ धरतं. डांबरी रस्ता बरा, वळणावर वेग कमी. पाऊस फारच असेल तर तालमीत किंवा समाजमंदिरात अर्धा तास बैठका, पायऱ्या, पोटाचे व्यायाम घ्या. भिजलेले बूट चुलीजवळ ठेवू नका, तळव्याचा गोंद सुटतो. आतलं पान काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन तासांनी बदला.

एप्रिल-मे मध्ये साडेसातच्या आत सगळं आटपा. तासाभराहून जास्त पळणार असाल तर एक लिटर पाण्यात सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ घालून सोबत ठेवा. कोणी बरळू लागला, धडपडू लागला किंवा पळता पळता कोसळला, तर सावलीत आडवा करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

पळून आल्यावर खाण्यासाठी महागड्या पावडरी लागत नाहीत. हंगामात उकडलेली रताळी आणि ताक, एरवी नाचणीची आंबील किंवा केळी आणि शेंगदाणे.

पैसे

वर्गणी ठेवा, कमी ठेवा, पण ठेवा. फक्की, शिट्टी, एक स्टॉपवॉच, प्रथमोपचाराची पेटी आणि दोन जाकिटं एवढाच खर्च असतो. हिशेब दर महिन्याच्या एक तारखेला गटाच्या व्हॉट्सअॅपवर टाका, बिलांच्या फोटोंसह. बेकार पोरांकडून वर्गणी घेऊ नका, त्यांच्याकडे फक्की मारण्याचं काम द्या. टी-शर्ट छापायची घाई नको. त्यावर कोणाचं नाव, कोणाचा फोटो, कुठली भाषा, यावरून पहिलं भांडण होतं. सहा महिने गट टिकला की मग छापा.